मधुमालतीचं पार जंगल झालंय, छाटू कशी?

प्रश्न : ताई, आमच्या नाशिकच्या घराच्या कंपाउंडला मधुमालती आहे, ती आता गच्चीवर चढून पलीकडच्या लाइटच्या वायरीपर्यंत गेलीय. खाली नुसती उघडी खोडं, फुलं सगळी वर, गच्चीत गेलं तरच दिसतात. माळीदादा म्हणतात बुडातून तोडू, सासूबाई म्हणतात हात लावाल तर खबरदार! काय करू?

उत्तर : माळीदादांचं बरोबरच आहे, फक्त आत्ता भर पावसात नको. मधुमालतीला फुलं येतात ती नव्या फुटव्यांच्या शेंड्याला, त्यामुळे आत्ता कात्री लावली की यंदाचा बहर गेलाच समजा. फेब्रुवारीत थंडी ओसरायला लागली की छाटा, म्हणजे उन्हाळ्यात नवी फूट येते आणि फुलं तिच्यावरच. आणि दर महिन्याला वरवर शेंडे खुडत असाल तर ते बंद करा, त्यानेच तर वर गचपण होतं आणि खाली उजेड पोचत नाही.

आधी वाळकं काढा. नखाने साल खरवडून बघायची, आत हिरवं दिसलं तर जिवंत, कोरडं तपकिरी असेल तर खुशाल कापा. मग चार-पाच बरी खोडं दोन-तीन फुटांवर कापून ठेवा, बाकीची जुनी बुडातून आरीने. सासूबाईंचा जीव वर-खाली होत असेल तर निम्मी यंदा, निम्मी पुढच्या वर्षी. अख्खी वेल खेचायला जाऊ नका, तुकडे करत सोडवा, आणि हातमोजे घालाच कारण पानं गळली तरी देठांची बुडखी राहतात आणि वाळून काट्यांसारखी टोचतात. जाड कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप लावा, 1 लिटर पाण्याला मोरचूद (कॉपर सल्फेट) 100 ग्रॅम आणि चुना 100 ग्रॅम, दोन्ही आधी वेगवेगळं भिजवून मग प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करायचं, लोखंडी नको.

नंतर दोन घमेली शेणखत आणि नियमित पाणी, बास. युरिया अजिबात नको, नुसता पाला माजतो. नवे फुटवे कोवळे असतानाच जाळीवर आडवे बांधत चला, सरळ वर सोडले की पुन्हा गच्चीच गाठणार. आडव्या फांदीला जागोजागी फूट येते, मग संध्याकाळी उमललेली पांढरी फुलं दुसऱ्या दिवसापासून गुलाबी, मग लाल होताना सासूबाईंना खिडकीतूनच दिसतील.

वायरीला टेकलेल्या फांद्यांसाठी मात्र फेब्रुवारीची वाट बघू नका. ओल्या वेलीतून करंट उतरू शकतो, त्यामुळे वायरमनला बोलवा, सप्लाय बंद करून त्यालाच कापू दे.