सुमारे 40 इंची पंखांच्या कंट्रोल-लाइन ट्रेनरसाठी (हातातल्या हँडलला जोडलेल्या दोऱ्यांवर गोल फिरणारे शिकाऊ मॉडेल विमान) 2.5 सीसीचे डिझेल घ्यावे, 4 सीसीचे ग्लो इंजिन की 6.5 सीसीचे?

तुमच्या या मॉडेलसाठी साध्या बुश-बेअरिंगचे 4 सीसी, म्हणजे .25 घनइंच गटातील, ग्लो इंजिन (तापलेल्या तारेच्या प्लगने इंधन पेटवणारे) घ्यावे. कंट्रोल-लाइनमध्ये थ्रॉटल सहसा नसतो आणि टाकीतले इंधन संपेपर्यंत इंजिन एकाच सेटिंगवर चालते. त्यामुळे येथे कमाल ताकदीपेक्षा महत्त्व आहे ते वजनाला आणि एकसारख्या चालण्याला. 6.5 सीसीच्या इंजिनाने नाक जड होते आणि शेपटीत शिसे भरत बसावे लागते, तर 2.5 सीसीचे इंजिन वारा असताना दोऱ्या ताणून धरण्यास अपुरे पडू शकते. ताण सैल झाला की हँडलचा ताबा सुटलाच. इंजिन रेडिओ मॉडेलचे असेल, तर कार्ब्युरेटर काढून ठरावीक छिद्राची वेंच्युरी (हवा आत घेणारी नळी) बसवावी. पुढे 9×4 चा प्रोपेलर (9 इंच व्यास, 4 इंच पिच म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचे अंतर) लावून 17–18 मीटरच्या दोऱ्यांवर एक फेरी साधारण 5 सेकंदांत होईल इतपत नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई) मिश्रणाच्या समृद्ध, म्हणजे जास्त इंधनाच्या, बाजूला ठेवावी. इंधनात किमान 20 टक्के तेल असावे आणि त्यातील बराच भाग एरंडेलाचा असावा, कारण बुश-बेअरिंगला उष्णतेत तेच तारते (विमानावरचा चिकट थर मात्र दर वेळी पुसावा लागतो). अपवाद एकच: मॉडेलचा नकाशा जुन्या .35 घनइंची स्टंट (हवाई कसरतींच्या) इंजिनासाठी आखलेला असेल, तर त्या मॉडेलचे नाक मुळातच आखूड असते; अशा वेळी फॉक्स .35 सारखे हलके 5.8 सीसीचे इंजिनच योग्य ठरते.