आधी शीट, मग नाव

प्रिय,

हरिश्चंद्रगडाच्या उतारावरच्या खरचुडीचे तुझे फोटो पाहिले. देखणं फूल आहे, आणि ते खरचुडीच्या जातींपैकी सेरोपेजिया लॉवी असावं असं मलाही वाटतं. पण ‘जाहीर करू का?’ असं विचारतेस, तर नाही. आधी शीट, म्हणजे दाबून, वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना, मग नाव.

लॉ यांनी कोकणातून गोळा केलेल्या नमुन्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी १८८३ मध्ये या जातीचं वर्णन केलं. त्या काळच्या नमुन्यांवरच्या कित्येक छापील चिठ्ठ्यांवर ठिकाण म्हणून ‘मलबार, कोकण, इत्यादी’ एवढंच असतं. त्यामुळे जुन्या ठिकाणावरून ओळख पटवू म्हटलं तर हाती काही लागत नाही. नमुना नमुन्याशी ताडूनच ती पटते, आणि तुझ्याकडे ताडायला नमुनाच नाही.

फोटो स्पष्ट आहेत, हे तुझं म्हणणं खरं. पण त्यात फुलाच्या नळीच्या आतलं काय दिसतं? उभ्या वाढणाऱ्या खरचुड्यांमध्ये पानांवर विसंबू नकोस. उंच गवतातल्या रोपाची पानं आणि उघड्या कातळावरच्या रोपाची पानं एकाच जातीत वेगळी निघतात. नळीची लांबी, फुगीर तळाची रुंदी, पाकळ्यांची टोकं जुळलेली की सुटी, हे ताज्या फुलावरच मोज. मग फूल उभं चिरून भिंगाखाली धर. नळीच्या तळाशी करोना, म्हणजे मुकुटासारखं खंडांचं कडं असतं; त्याचे बाहेरचे खंड किती खोल दुभंगलेत, आतले पाच सरळ आहेत की टोकाशी वाकलेत, केस कुठे आहेत, ते पाहा आणि तिथेच रेखाटन कर. निर्णय इथे होतो.

आता नमुना. कंद खणायचा नाही, कोणी कितीही ‘पूर्ण रोप हवं’ म्हणालं तरी. पुढच्या पावसाळ्यातला कोंब त्याच कंदातून येणार आहे. खालच्या पानांची एक जोडी ठेवून वरची फुलोऱ्याची फांदी काप. वीस रोपांमागे एक फांदी, त्याहून जास्त नको. वीस रोपंच नसतील तर दोन फुलं आणि एक पान पुरे. तीही शीटच असते.

एक फूल चिरून, उघडं पसरून दाब. त्याच्यावर बटर पेपरचा तुकडा ठेव, नाहीतर ते टिपकागदाला चिकटून फाटेल. पावसाळी हवेत पहिले दोन-तीन दिवस टिपकागद सकाळ-संध्याकाळ बदल. आळस केलास तर पानं काळी पडून गळतील आणि बुरशी धरेल. दुसरं फूल ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाक. आतली चिठ्ठी पेन्सिलने लिही, शाई विरघळते. रंगही उडतो, म्हणून तो आधीच वहीत उतरव. डीएनएसाठी पानाचा नखाएवढा तुकडा दहापट वजनाच्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये ठेव. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला भाग त्या कामाला येत नाही.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनविभागाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय कात्रीला हात लावू नकोस. अर्ज पावसाच्या बराच आधी कर, फूल ऑगस्ट-सप्टेंबरात येतं आणि कागद तुझ्यासाठी धावत नाहीत. पुढे जोडशेंगा धरल्या की त्याच रोपांकडे पुन्हा जा.

एवढं सगळं एका फुलासाठी का, असं तुझ्या पत्रात ओळींमध्ये वाचलं. कारण शीट नसलेली नोंद पुढच्या माणसाला तपासता येत नाही. उद्या कोणी ही जात दोन जातींत विभागली, तर तुझा फोटो कोणत्या बाजूचा हे कोण ठरवणार? शीट असेल तर ती पुन्हा भिजवून उघडता येते. अशा नोंदी मी अडवतो म्हणून तरुण मुलं माझ्यावर रागावतात. रागावू देत. चुकीचं नाव एकदा यादीत शिरलं की यादीमागून यादीत उतरत जातं आणि ते काढायला कोणी बसत नाही. खऱ्या जातीची उरलेली रोपं तेवढ्या वेळात गुरांच्या पायाखाली जातात. या एका बाबतीत मी नमणार नाही, तूही नमू नकोस.

जीपीएसचे आकडे शीटवर पूर्ण लिही. लेखात मात्र तालुक्यापर्यंतच ठेव, कंद उकरणारेही वाचतात. संग्राहक क्रमांक, उंची, कातळ की माती, सोबतचं गवत, सगळं त्याच दिवशी लिही. एक शीट पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला दे. दुसरी जमली तर मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमला. लंडनच्या क्यू उद्यानाच्या हर्बेरियममधल्या लॉ यांच्या नमुन्याची छायाप्रत मागवून ठेव. मोजमापांची वही घेऊन ये, दोघं मिळून ताडू.

तुझा,
सर