कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या चिखलात दिसणारे छोटे पक्षी सैबेरियातून थेट येतात, की वाटेत विश्रांती घेतात?

बहुतेक थांबत येतात. पण तुम्ही प्रश्नात 'वाटेत विश्रांती घेतात का' असं विचारलंय, त्या 'विश्रांती'वर माझं घोडं अडलं. वाटेतला मुक्काम त्यांच्यासाठी आरामाचा नसतो, खुराकाचा असतो. तालमीत राहायला गेलेलं पोरगं काही झोपा काढायला जात नाही, तसंच हे.

गेल्या एप्रिलात कळंबा तलावावर एका ठिपकेवाल्या तुतवारावर दुर्बीण लावून बसलो होतो. गंमत म्हणून घड्याळ लावून मोजलं, तर मिनिटाला चाळीसच्या वर चोची मारत होता. साठ-सत्तर ग्रॅमचा जीव, आणि अंडी घालायला पोचायचं उत्तरेकडच्या दलदलीत, म्हणजे स्कँडिनेव्हिया ते सैबेरिया या पट्ट्यात कुठंतरी. त्याला मान वर करायला सवड कुठली! आठवड्याभरानं गेलो तर काठ मोकळा. हे पक्षी बहुधा संध्याकाळी, वारा पाठीमागून असेल तेव्हा निघतात आणि रात्रभर उडतात, त्यामुळं जाताना फारसे कुणाला दिसत नाहीत.

हा खुराक सगळा चरबीत साठवला जातो. वजनाच्या मानानं सगळ्यात जास्त ताकद तिच्यातच असते. रेड नॉट नावाचा पक्षी मे महिन्यात अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरावर उतरतो तेव्हा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतो, आणि दोनेक आठवड्यांत 180 ग्रॅमच्या वर जातो. वस्तादांनीही कानाला हात लावावा! त्यातली खरी गंमत पोटाची आहे. एरवी हा पक्षी शिंपले अख्खे गिळून पोटातच भरडतो. पण लांब उड्डाणाआधी भरडणारं ते जड जठर आक्रसतं, विनाकारण ओझं कशाला? मग उतरल्या उतरल्या मऊ अन्नच लागतं, आणि नेमकी त्याच वेळी तिथल्या वाळूत नालखेकड्यांची अंडी असतात. माणसांनी मासेमारीच्या आमिषासाठी ते खेकडे बेसुमार पकडले, तर फटका बसला हजारो किलोमीटरवरून येणाऱ्या या पक्ष्याला.

न थांबता जाणारेही आहेत. शेपटीवर पट्टे असलेल्या गॉडविट पक्ष्याचं एक पिल्लू, वय जेमतेम पाच महिने, 2022 मध्ये अलास्काहून टास्मानियाला 11 दिवसांत 13,560 किलोमीटर उडत गेलं, कुठंही न उतरता. पण हेच गॉडविट वसंतात उत्तरेला परतताना चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्राच्या चिखलात महिनाभर तरी मुक्काम ठोकतात. म्हणजे तो चिखल गेला तर पुढचा प्रवासच अडला. दक्षिण कोरियात सेमांगम इथं 2006 मध्ये 33 किलोमीटरची भिंत बांधून भरतीचं पाणी तोडलं. तिथं उतरणाऱ्या ग्रेट नॉटनी (रेड नॉटचेच भाऊबंद) शेजारचा चिखल गाठला असेल असं वाटेल, पण ते तिथंही वाढलेले दिसले नाहीत. पुढं ऑस्ट्रेलियात, म्हणजे ते एरवी जिथं राहतात तिथं, त्यांची संख्याच घटली.

आपल्याकडचा मामला लहान आहे, पण तत्त्व तेच. 'तलाव तुडुंब भरला' ही बातमी आपल्याला गोड लागते, तुतवाराला नाही. शेकाट्याचे पाय लांब, त्याला वीतभर पाणी चालतं. तुतवाराला ओला चिखल आणि फार तर दोन बोटं पाणी हवं. म्हणून उन्हाळ्याकडं पाणी ओसरून जी घाणेरडी दिसणारी पट्टी उघडी पडते, तीच त्याची खाणावळ. ती बुजवून, फरशी घालून काठ 'सुशोभित' केला की खाणावळ बंद.

आणि तो एप्रिलचाच दिवस. एकानं व्हिडिओसाठी कुत्रा मुद्दाम चिखलात सोडला. तुतवार शिट्ट्या वाजवत उठले, तीन घिरट्या घातल्या आणि पुन्हा खायला लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्याला म्हटलं, "अरे, जेवणाऱ्याला ताटावरनं उठवतोस व्हय?" तो हसला. कुत्रा मात्र बांधला, हे सांगायला हवं.

किती दिवस थांबतात, याला एकच आकडा नाही. पोटभर मिळालं आणि वारा जुळला तर काही तासांतही निघतात, नाहीतर दोन-तीन आठवडे राहतात. काही तुतवार तर अख्खा हिवाळा आपल्याकडंच काढतात. बघायचे असतील तर मार्च-एप्रिलात सकाळी सातच्या आत जा, ऊन पाठीशी घ्या आणि चिखलापासून चांगलं लांब बसा.