डब्ल्यू-२० च्या शिफारशी जी-२० देशांवर बंधनकारक असतात का?

नाही, बंधनकारक नसतात. डब्ल्यू-२० हा जी-२० चा अधिकृत, पण केवळ सल्ला देणारा महिला गट. २०१५ मध्ये तुर्कस्तानकडे अध्यक्षपद असताना तो सुरू झाला. शिफारशींचं निवेदन यजमान देशाच्या हाती देतानाचे फोटो झळकतात, पण खरी खटपट त्याआधीची: देशोदेशींच्या शेर्पांना, म्हणजे नेत्यांच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्या प्रतिनिधींना, गाठून जी-२० शिखर परिषदेच्या घोषणापत्राच्या मसुद्यात आपली वाक्यं बसवायची. मसुदा पक्का झाला की संपलंच. २०२३ मध्ये भारताकडे अध्यक्षपद होतं तेव्हा या गटाची पहिली बैठक औरंगाबादला झाली. त्याच वर्षी दिल्ली घोषणापत्रात महिला सक्षमीकरणाचा स्वतंत्र कार्यगट करायचं ठरलं. ते एकट्या डब्ल्यू-२० चं श्रेय मात्र समजू नका, सरकारांचीही त्याला तयारी लागते.