वाचकांचे प्रश्न: स्लाइडच चमकतेय, स्पॉट दिसत नाहीत

प्रश्न: प्रोजेक्टसाठी मी अमाइन कोटिंगच्या काचेच्या स्लाइडवर डीएनएचे स्पॉट छापते आणि त्यावर सायथ्री डाय (लेझरच्या उजेडात चमकणारा रंग) लावलेला डीएनएचा नमुना सोडते, म्हणजे जुळणारा डीएनए स्पॉटला चिकटून तिथे चमकतो. पण स्कॅन केलं की अख्खी स्लाइडच हिरवी दिसते, स्पॉट कसेबसे ओळखू येतात. गेन (स्कॅनरची संवेदनशीलता) वाढवला तर सगळंच पांढरं होतं. नमुन्यात डाय जास्त घालू का?

उत्तर: नको, डाय अजिबात वाढवू नका, गेनलाही तूर्त हात लावू नका. आधी साधा हिशोब बघा. समजा स्पॉटवर उजेडाचा आकडा 3000 येतोय आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर 1500. गेन वाढवून दोन्ही दुप्पट केले तर 6000 आणि 3000, म्हणजे स्पॉट काचेच्या दुप्पटच राहिला, वर 16 बिटचा स्कॅनर 65,535 च्या पुढे मोजूच शकत नाही त्यामुळे तिथे पोचलेले सगळे स्पॉट सारखेच पांढरे दिसतात आणि कुठला किती जास्त ते कळायचा मार्गच बंद. त्यापेक्षा काच 1500 वरून 200 वर आणा. स्पॉटच्या 3000 मध्येही काचेचा वाटा होताच, तो कमी होऊन स्पॉट 1700 वर उतरेल, पण तरीही काचेच्या साडेआठपट उठून दिसेल! म्हणून मी सगळ्यांना सांगते, स्पॉट उजळवायच्या मागे लागू नका, काच काळी करा.

डाय वाढवल्याने उलट त्रासच होतो. एकाच रेणूवर डाय दाटीवाटीने बसले की ते एकमेकांचा उजेड गिळतात, आणि वेगळा न केलेला सुटा डाय काचेला चिकटतो तो वेगळाच.

आता काच चमकते कुठून ते शोधू. एक स्लाइड घ्या आणि प्रत्येक टप्प्यावर तीच, त्याच सेटिंगवर स्कॅन करा: पाकिटातून काढल्या काढल्या कोरी, मग ब्लॉकिंगनंतर, मग नमुना सोडून धुतल्यावर. कोरीच चमकत असेल तर कोटिंग खराब आहे किंवा काच स्वच्छ नाही, बॅच बदला. ब्लॉकिंगनंतर वाढली तर ब्लॉकिंगचं द्रावण बघा, गाळून घ्या. शेवटच्या टप्प्यात वाढली तर (बहुतेकदा हेच निघतं) डाय लावलेला डीएनए नको तिथे चिकटलाय. कारण सरळ आहे, अमाइन कोटिंगवर धन भार असतो, डीएनएवर ऋण, त्यामुळे मोकळी जागा सापडली की तो तिथेच बसतो. ब्लॉकिंग म्हणजे ती जागा आधीच दुसऱ्या कशाने तरी, उदाहरणार्थ बीएसए या प्रथिनाने, भरून टाकायची.

स्कॅन मोठा करून नीट बघा, चित्रच पुष्कळ सांगतं. स्पॉटच्या जागी काळं भोक आणि भोवती उजेड दिसत असेल तर ब्लॉकिंग कमी पडलंय, छापलेल्या डीएनएने निदान तेवढी काच झाकली म्हणून तिथे काळं. प्रत्येक स्पॉटला एकाच दिशेने धूमकेतूसारखी शेपटी असेल तर स्लाइड ब्लॉकिंगमध्ये हळू बुडवलीत, स्पॉटमधला सुटा डीएनए वाहत जाऊन शेजारीच चिकटला, एका झटक्यात बुडवायची.

धुताना पहिल्या वॉशमध्ये एसडीएस (साबणासारखं रसायन) ठीक आहे पण पुढच्या वॉशमध्ये तो निघून गेलाच पाहिजे, माझ्या सुरुवातीच्या कितीतरी स्लाइड शेवटच्या पाण्यात राहिलेल्या एसडीएसने वाया गेल्यात म्हणून इतकं सांगतेय. मीठ प्रत्येक वॉशला कमी करत जा, म्हणजे अर्धवट जुळलेला डीएनए सुटून येतो. आणि दोन वॉशच्या मध्ये स्लाइड वाळू देऊ नका. शेवटी लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून कोरडी करा, हवेत वाळवली की थेंबांचे डाग राहतात आणि तेही चमकतात.

प्रश्न: आमच्याकडे सायथ्रीचे स्पॉट छान येतात पण सायफाइव्हचे, म्हणजे लाल चॅनेलच्या डायचे, कधी येतात, कधी फिकट. दुपारी केलेल्या स्लाइड जास्त खराब होतात असं वाटतं. हा भास आहे का?

उत्तर: भास नाही! हवेतला ओझोन सायफाइव्हला खातो. अब्जात 5 ते 10 भाग इतका कमी ओझोनही त्याला पुरतो, हे 2003 मध्ये दाखवलं गेलंय, सायथ्री त्यामानाने खूपच टिकतो. धुरकट हवेवर कडक ऊन पडलं की ओझोन वाढतो, म्हणून दुपारी त्रास जास्त. डाय सर्वात जास्त जातो तो शेवटचा वॉश आणि वाळवणं यांच्या दरम्यान, तेव्हा कार्बन फिल्टर लावलेल्या बंद पेटीत काम करा, जमत नसेल तर सकाळी लवकर. आणि स्कॅन करताना लाल चॅनेल आधी घ्या, पुन्हा पुन्हा स्कॅन करू नका, लेझरनेही डाय विझतो.

प्रश्न: डाय चमकतो तर यूव्ही दिव्याखाली नुसत्या डोळ्यांनी स्पॉट का दिसत नाहीत?

उत्तर: एक तर तो दिवा या डायसाठी नाहीच, सायथ्री 550 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा उजेड घेतो आणि 570 च्या आसपास परत देतो. दुसरं म्हणजे स्पॉटवर रेणूंचा जेमतेम एक थर, त्यातून येणारा उजेड फारच थोडा आणि काचेवरून परतणारा लेझरचा उजेड त्याच्या कितीतरी पट. सुदैवाने डायने परत दिलेल्या उजेडाची तरंगलांबी वाढलेली असते, हे शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सने 1852 मध्येच सांगून ठेवलंय, म्हणून स्कॅनरमधला फिल्टर 532 चा लेझर अडवतो आणि फक्त पुढचा उजेड आत सोडतो. डोळ्यांना अशी निवड करता येत नाही.