भाषा कळत नसताना ऑपेरातला आरिया ऐकून रडू का येतं?

तुम्ही विचारलंय की इटालियनचा एक शब्द कळत नसताना लोक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे आरिया, म्हणजे ऑपेरा या गाऊन सादर होणाऱ्या नाटकातली एकट्या पात्राची गाणी, अजून का ऐकतात आणि ऐकून रडतात कसे. मलाही इटालियन येत नाही आणि मला दरवेळी रडू येतं, म्हणून लिहितेय.

एकच उदाहरण घेते, इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'तोस्का' या ऑपेरामधला 'विस्सी दार्ते' हा आरिया. हा ऑपेरा पहिल्यांदा रोममध्ये झाला, १४ जानेवारी १९०० ला. तोस्का गायिका आहे, तिचा प्रियकर मारियो चित्रकार, तो कैदेत, आणि पोलीसप्रमुख स्कार्पिया म्हणतो तू माझी हो, मग त्याला सोडतो. दुसरा अंक नुसता धावत असतो, आतल्या खोलीत मारियोचा छळ चाललाय, किंकाळ्या बाहेर ऐकू येतायत, आणि मधेच सगळं थांबतं आणि तोस्का तीन-साडेतीन मिनिटं गाते. मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणा जिवाला कधी दुखावलं नाही, मग देवा माझ्याच वाट्याला हे का? आपल्याकडची बाई म्हणते ना, मी कुणाचं काय वाकडं केलं होतं, तेच अगदी. म्हणतात की गोष्ट अडते म्हणून हा आरिया पुच्चिनीलाच खटकायचा, पण मला वाटतं त्या अडण्यातच सगळं आहे, खऱ्या आयुष्यात संकटात असा प्रश्न विचारायला वेळच कुठे मिळतो, इथे तो मिळतो.

आणि सुरांचं एक सांगायलाच हवं. पहिल्या अंकात ती चर्चमध्ये मॅडोनासाठी, म्हणजे येशूच्या आईसाठी, फुलं घेऊन येते तेव्हा ऑर्केस्ट्रात एक धून वाजते. या आरियात ती म्हणते मी नेहमी श्रद्धेने प्रार्थना केली, देवापुढे फुलं वाहिली, आणि खाली वाद्यांत तीच धून परत येते, ती स्वतः मात्र जवळजवळ एकाच सुरावर बोलल्यासारखी गात असते. सुखाचे दिवस वाद्यांना आठवतायत आणि तिच्या तोंडून फक्त तक्रार निघतेय. शब्द नाही कळले तरी कानाला हे कळतं हो! मग शेवटाकडे आवाज वर बी फ्लॅट या उंच सुरापर्यंत चढतो आणि हळूहळू खाली येतो.

हे सगळं माईकशिवाय बरं का. तयार गळ्यात बऱ्याचदा साधारण ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३००० कंपनं) आसपास जोर येतो, तिथे ऑर्केस्ट्राचा आवाज कमी असतो, म्हणून एवढ्या वाद्यांच्या वरून एका माणसाचा गळा शेवटच्या रांगेत पोचतो, आणि तो पोचला की अंगावर काटा येतोच.

नुसता आरिया लावू नका. मारिया कॅलास या गायिकेचं 'तोस्का'चं १९५३ चं रेकॉर्डिंग घ्या, पहिल्या अंकात तोस्का 'मारियो, मारियो' हाका मारत आत येते ना, तिथली धून दोनदा ऐका. मग कॅलासचंच लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या ऑपेरागृहातलं १९६४ चं दुसऱ्या अंकाचं चित्रीकरण बघा, त्यात स्कार्पिया झालाय तितो गोब्बी हा गायक, आणि अंकाच्या सुरुवातीपासून बघा.