जहाजावरचं नक्षीकाम की कोरीव काम? आणि फिगरहेडला मराठीत काय म्हणायचं?

मडगावहून एकांनी विचारलंय. ते ‘दों फेर्नांदु सेगुंदु ई ग्लॉरिया’ या जुन्या पोर्तुगीज फ्रिगेटचं लाकडी मॉडेल करतायत, पुढच्या टोकावरची मूर्ती आणि मागची सगळी सजावट स्वतःच लाकडातून काढतायत, आणि मॉडेल प्रदर्शनात ठेवायचंय म्हणून सोबतची पाटी मराठीत हवीय. तर या कामाला नक्षीकाम म्हणायचं, कोरीव काम की खोदकाम? आणि फिगरहेडला, म्हणजे पुढच्या टोकावरच्या त्या मूर्तीला, शब्द काय?

आधी जहाजाबद्दल, कारण निवड मला फार आवडली. हे जहाज नावाने पोर्तुगीज असलं तरी दमणच्या गोदीत बांधलेलं, साग नगर हवेलीच्या जंगलातला, १८४३ मध्ये पाण्यात उतरवलं आणि डोलकाठ्या-शिडं चढवायला आपल्या गोव्यात आणलं, मग १८४५ ला लिस्बनला गेलं. ५० तोफांचं, पोर्तुगीज नौदलाचं शिडांवर चालणारं शेवटचं लढाऊ जहाज. १९६३ ला आगीत जळालं, पुढे दुरुस्त होऊन १९९८ च्या लिस्बन एक्स्पोत लोकांनी बघितलं. म्हणजे ज्या हातांनी ते बांधलं ते इथल्याच किनाऱ्यावरच्या सुतारांचे, त्यामुळे पाटीसाठी शब्द शोधायला संस्कृत कोशात शिरायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत.

आता मूळ प्रश्न. नक्षी हा शब्द अरबी ‘नक्श’वरून आलेला, नकाशा पण त्याच घरातला. नक्षी म्हणजे जी दिसते ती वेलबुट्टी, मग ती रांगोळीत असो, साडीच्या काठावर असो नाहीतर तांब्याच्या घंगाळावर. ती कशी काढली हे त्या शब्दात येतच नाही. कोरणे मात्र कृती आहे, टोकदार हत्याराने थोडं थोडं काढत जाणे. दात कोरतात, नखं कोरतात, हल्ली पार्लरमध्ये भुवया पण कोरतात. म्हणून लाकडाच्या ठोकळ्यातून सिंह, देवदूत, पानं-फुलं बाहेर काढलीत तर ते कोरीव काम. खोदकाम म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकतर शिलालेख येतो, जिथे पृष्ठभाग तसाच राहतो आणि अक्षर आत जातं, नाहीतर रस्त्यावरची पाइपलाइन. जहाजाचं नाव मागच्या फळीत आत घालून काढलं असेल तर तेवढ्याला खुशाल खोदलेलं म्हणा.

पण इथेच थांबू नका कारण मॉडेलवर एकाच जातीचं काम नसतं. फळीला चिकटून पुढे आलेल्या आकृत्या असतात त्याला आपल्याकडे उठावाचं काम म्हणतात. आरपार कापलेलं असेल तर जाळीकाम. कठड्याचे छोटे छोटे खांब लेथवर फिरवून काढले असतील तर ते कातीव, कोरीव नाही, कातारी लोकांचा धंदाच तो. धातूवर छिन्नीने काम केलं तर सोनार त्याला कंडारणे म्हणतात, तुम्ही तोफांवर पितळेत राजचिन्ह काढणार असाल तर हा सुंदर शब्द वापरायची संधी सोडू नका. आणि मॉडेलच्या विकतच्या किटमध्ये जे धातूचे तयार सिंह नि परी मिळतात ते ओतीव. हा फरक पाटीवर आलाच पाहिजे असं मला वाटतं, कोणी महिनोन्महिने डोळे फोडून कोरायचं आणि पाटीवर मोघम ‘नक्षीकाम’, मग किटवाल्यात आणि तुमच्यात बघणाऱ्याला फरक काय कळणार?

फिगरहेड. इंग्रजी-मराठी कोशात बघाल तर ‘नामधारी प्रमुख’ मिळेल, म्हणजे जहाजाच्या टोकाला राज्यपाल बसवायचा काय! ‘अग्रशीर्षप्रतिमा’ वगैरे घडवलेले शब्द मला घशाखाली उतरत नाहीत. कोकण किनाऱ्यावरचे होडीवाले होडीच्या पुढच्या निमुळत्या भागाला नाळ म्हणतात, तेव्हा ‘नाळेवरची मूर्ती’ म्हणा नि मोकळे व्हा. शहरी वाचकाला नाळ म्हटल्यावर आधी बाळंतपण आठवेल, त्याच्यासाठी पहिल्यांदा ‘नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची’ असं लिहा. त्यातही ऐतिहासिक माणूस असेल तर आपण मराठीत पुतळा म्हणतो, देव किंवा संत असेल तर मूर्ती, आणि प्राणी असेल तर सरळ त्या प्राण्याचं नाव. स्वीडनचं वासा जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं, त्याच्या नाळेवर सिंह आहे, तीनेक मीटर लांब, लिंडेनच्या लाकडाचे वेगवेगळे तुकडे कोरून जोडलेला. त्याला नाळेवरचा सिंह म्हटलं की झालं. आपल्या नौदलाचं, फळ्या दोरीने शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ जहाज गोव्यातच तयार झालं, २०२५ ला नौदलात आलं, त्याच्या नाळेवर सिंह-याळी म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी आहे, मराठीत मूर्तिशास्त्रवाले याळीला व्याल म्हणतात, तिथे सिंहव्याल चालेल. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे संताच्या लाकडी मूर्तीला इमाज म्हणतात, पोर्तुगीज ‘इमाजें’वरून, पण मराठी पाटीवर ते बाहेरच्यांना कळणार नाही.

मागच्या बाजूला तर आपल्याकडे शब्दांची चंगळ आहे. कप्तानाच्या खोलीबाहेर जी गॅलरी असते ती सज्जा. खिडक्यांवरच्या कमानी त्या महिरपी. खाली लोंबणारं कळीसारखं टोक असतं त्याला वाड्याच्या लाकूडकामात केळफूल म्हणतात. हे सगळे शब्द जुने वाडे नि देवळांचे रथ घडवणाऱ्या सुतारांचे, फोंड्याकडच्या देवळांतला एखादा रथ जवळून बघा, नाहीतर जुन्या गोव्यातल्या चर्चची अल्तारं म्हणजे वेद्या बघा, पानांच्या वळशात आणि देवदूतांच्या गालांत जहाजावरच्या कामाचीच शैली दिसेल, काही जुन्या चर्चमध्ये तर प्रवचनाच्या व्यासपीठाला खालून नागिणी आणि मत्स्यकन्या पेलून धरतात, त्या उचलून थेट गलबताच्या नाळेवर बसवाव्यात अशा.

सोनेरी रंगाबद्दल पण एक. मुलामा आणि वर्ख एक नव्हेत. मुलामा म्हणजे धातूवर चढवलेलं सोन्याचं पाणी. लाकडावर चिकटवतात तो वर्ख, अल्तारांवर तोच आहे आणि १६३७ च्या इंग्रजांच्या ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’वरही तोच होता, त्या जहाजाच्या ६५,५८६ पौंड खर्चातले ६,६९१ पौंड नुसते कोरीव काम नि सोनं यावर गेले. इंग्लिश नौदलाने १७०३ मध्ये असल्या हौसेला लगाम घातला. तुमची फ्रिगेट १८४३ ची, तेव्हा हात आखडलेलाच होता, रंगाने भागवायचे, तुम्ही सोनेरी रंग मारला असेल तर पाटीवर ‘सोनेरी रंग’च लिहा.

जाता जाता लाकडाचं. मूळ जहाज सागाचं म्हणून मॉडेलवरची मूर्तीही सागातच कोरायचा मोह होतो. १:६४ च्या मॉडेलात सहा फुटी माणूस जेमतेम २८ मिलिमीटरचा, त्यात सागाची रेघ, म्हणजे लाकडातले धागे, जाड, पटाशी लावली की नाकाच्या जागी ढलपी उडते. बाहेरचे लोक बॉक्सवुड किंवा पेअरचं लाकूड घेतात. आपल्याकडे हेदू बघा नाहीतर काळा कुडा, चन्नपट्टणची खेळणी होतात तो, दोन्हीची रेघ बारीक. हत्यारांची नावं मात्र मेस्तालाच, म्हणजे सुतारालाच विचारा. तो मेस्त पोर्तुगीज ‘मेश्त्रि’वरून आला आणि त्याच्या हातातलं मारतूल पण ‘मार्तेलु’वरून, पटाशी तेवढी आपली राहिली.

तर पाटी मी अशी लिहीन: ‘नाळेवरची मूर्ती आणि मागच्या सज्जाचं उठावाचं काम हेदूच्या लाकडात हाताने कोरलेलं. कठड्याचे खांब कातीव. तोफा ओतीव.’ तोफा तुम्ही स्वतः कातल्या असतील तर शेवटचा शब्द बदला.